उजव्या हातावरचं ऊन

मी औषधाची बाटली बोलतेय. केशरी रंगाची, पांढऱ्या झाकणाची, बोटभर उंचीची. बाटली बोलते याचं तुम्हाला नवल वाटेल. पण गेल्या जूनमध्ये मी जे पाहिलं, ते पाहून दगडालाही वाचा फुटली असती. चार महिने झाले, तरी मला बसलेला धक्का ओसरलेला नाही.

माझा जन्म कारखान्यात, यंत्राच्या साच्यात. आम्हा सगळ्या बहिणींचा रंग एकच, केशरी. तो शोभेसाठी नाही. पुष्कळ औषधं उजेडाने नासतात म्हणून आम्हाला या रंगाचं करतात. गोळीला ऊन लागू नये एवढी काळजी माणूस घेतो. ती गोळी पोटात गेल्यावर त्याला स्वतःला ऊन लागलं तर काय होईल, हे मात्र तो वाचतसुद्धा नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर माझाही विश्वास बसला नसता.

खोक्यातून मी अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात, ऑडा प्रीबलच्या औषधाच्या दुकानात आले. जूनमधल्या एका सोमवारी तिने माझ्यात अठ्ठावीस कॅप्सूल मोजून टाकल्या. डॉक्सिसायक्लिन, सकाळी एक, रात्री एक, चौदा दिवस. पोटावर नावाचा कागद चिकटवला आणि शेजारी दोन छोट्या चिठ्ठ्या. पहिलीवर पाण्याचा पेला. दुसरी पिवळी, तिच्यावर सूर्य, सूर्यावर आडवी काट आणि खाली बारीक अक्षरांत, 'हे औषध चालू असताना उन्हात जाणं टाळा.'

मला घ्यायला आली रोवेना डॉर. वय अठ्ठावन्न, आवाज खणखणीत, केस मागे करकचून बांधलेले. एकवीस वर्षं ती या गावात घरोघरी टपाल पोचवते.

"पुन्हा गोचीड?" ऑडाने विचारलं. दोघी एका वर्गात शिकलेल्या.

"गुडघ्यामागे. हा एवढा गोल लाल चट्टा उठलाय. मोजे पँटवर ओढून चढवते गं मी, पाय पुरते पॅक! तरी मेली कुठून वर चढते कोण जाणे."

"गोळ्यांबद्दल काही विचारायचंय? सांगू का सगळं?"

"मला काय सांगतेस? तिसरी खेप आहे माझी. तूच शिक माझ्याकडून."

ऑडा हसली, रोवेनाही हसली, आणि मी पिशवीत पडले. गोचीड चावून होणाऱ्या आजारासाठी या गोळ्या घ्यायच्या तिच्या आधीच्या दोन्ही खेपा नोव्हेंबरातल्या होत्या. तेव्हा इथे सूर्य दुपारी चारलाच तोंड लपवतो आणि माणसं बोटांपर्यंत कपड्यांत गुंडाळलेली असतात. त्यामुळे तिला त्या वेळी काहीच झालं नव्हतं. आता जून होता.

रोवेना गाडी कशी चालवते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गाडी साधीच, स्टिअरिंग डावीकडे. पण घराघरांच्या टपालपेट्या सगळ्या रस्त्याच्या उजव्या कडेला, खांबांवर. म्हणून ही बाई बसते उजव्या सीटवर, डावा पाय लांब करून ब्रेकवर आणि डावा हात स्टिअरिंगवर ठेवते, आणि उजवा हात दिवसभर खिडकीबाहेर. पेटी उघड, टपाल टाक, पेटी बंद कर, पुढे चल. अशा चारशे बारा पेट्या. पहिल्या दिवशी मी तर डोळेच मिटून घेतले होते.

माझी जागा कॉफीच्या कपाशेजारच्या खोबणीत. वळणावर मी खुळखुळायचे, त्याचा तिला राग यायचा. तिने टपालाच्या गठ्ठ्यांचे रबर बँड काढून एकेक करत माझ्या पोटावर चढवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवसापर्यंत वीस-पंचवीस झाले. खुळखुळ थांबली, बँड ठेवायला जागा झाली, आणि ती पिवळी चिठ्ठी त्यांच्याखाली पार गडप झाली. मला तोंड असून उपयोग काय? त्यावर झाकण!

आणि ही तीच बाई, जी दिवसभर लोकांचे पत्ते वाचते. कुणी घराचा नंबर चुकवला की ती गाडीत एकटीच म्हणते, "अरे बाबा, सतरा कुठला? सव्वीसमध्ये राहतात ते!" चारशे बारा घरांचं लिहिलेलं सगळं वाचणारीने स्वतःच्या नावाचं एवढंसं लिहिलेलं वाचू नये? मी थक्क झाले होते.

तिसऱ्या दिवशी तिचा उजवा हात लाल झाला. पाचव्या दिवशी सुजला. शनिवारी मनगटापासून बाहीपर्यंत फोड उठले. डावा हात जसाच्या तसा, गोरापान. पेटीचं झाकण ओढताना ती ओठ चावायची, डोळ्यांत पाणी यायचं. एक पत्र हातातून निसटून खाली पडलं, तेव्हा गाडी थांबवून ती दोन मिनिटं नुसती बसून राहिली. मला वाटलं, आता तरी माझ्याकडे बघेल. तिने बघितलं ते कॉफीकडे.

या गावात हातावर फोड आले की माणूस एकच विचार करतो. विषवेल. एकेका देठाला तीन-तीन पानांची ती वेल इथे कुंपणावर, झाडावर, कुठेही चढते आणि नुसता स्पर्श झाला तरी कातडी पेटते. पोरं चालायला लागतात तेव्हापासून त्यांना पानं मोजायला शिकवतात. रोवेनाच्या डोक्यातही तीच आली, आणि लगेच आठवली एल्विन क्राउलीची टपालपेटी.

एल्विन म्हातारा, ऐंशी पार केलेला, एकटा राहणारा. नजर अधू झाल्यापासून गाडी सुटलेली. त्याच्या पेटीचा खांब वेलीने पूर्ण मढलेला होता, पेटीवरही पानं लोंबत होती. म्हणजे रोवेनाचा हात रोज त्या पानांतूनच जायचा.

तिने हॉर्न दाबून धरला. काठी टेकत एल्विन बाहेर आला.

"ही वेल काढा, एल्विन! बघा माझा हात काय झालाय!"

"अरे देवा! पण त्याच्याशी माझ्या वेलीचा काय संबंध?"

"विषवेल आहे ती."

"विषवेल तुझ्या घरी असेल. ही मर्टलने लावलीय, हिला पाच पानं असतात. मोज की!"

रोवेनाने वाकून एक कोवळी डहाळी बघितली. "ही बघा. एक, दोन, तीन."

"कोवळी असताना तीनही असतात. जुन्या देठावर बघ. आधी डोळे तपासून घे."

"डोळे कुणाचे गेलेत, मिस्टर क्राउली?"

हे बोलायला नको होतं. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम पडला. मग तो हट्टाला पेटला. "माझी बायको गेली, तिची वेल आहे ती. मी हात लावणार नाही. काय करायचं ते कर."

रोवेनाने छापील कार्ड काढलं आणि सुजलेल्या हाताने त्यावर लिहिलं, 'पेटीला अडथळा. वेल मुळापासून काढेपर्यंत टपाल मिळणार नाही.' ते त्याच्या हातात कोंबलं आणि गाडी पुढे काढली. मी खोबणीत बसून ओरडत होते, 'अगं बाई, वेल नाही, मी! माझ्यामुळे!' पण बाटलीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

सोमवारी गठ्ठ्यांत एल्विनच्या नावाचं एक फुगीर पाकीट आलं. एल्विनसारख्या जुन्या सैनिकांना इथे सरकारकडून टपालाने औषधं येतात, त्यातलं. गाडी वळली की मागच्या पेटाऱ्यातून खुळखुळ ऐकू यायची. मी ओळखली ना ती. माझीच बहीण, माझ्यासारखीच केशरी.

रोवेनानेही ओळखली. तिने पाकीट हातात घेऊन त्यावरचं नाव वाचलं. मग स्वतःशीच म्हणाली, "आठवडाभराची तरी शिल्लक असतेच या लोकांकडे. वेल काढू दे, लगेच देते." पाकीट पुन्हा पेटाऱ्यात गेलं. मंगळवारी ते त्या घरावरून गेलं आणि परत आलं. बुधवारीही तेच. माणूस रागात असला की किती सहज हिशेब करून मोकळा होतो! रोवेना वाईट बाई नाही हो. हिवाळ्यात तिने बर्फातून चालत जाऊन लोकांची पत्रं दिली आहेत. म्हणूनच मला जास्त धक्का बसला.

गुरुवारी दुपारी तिला हात वर करवेना. वाटेत ती ऑडाच्या दुकानात शिरली, विषवेलीवर जालीम मलम मागायला. मी नेमकी तिच्या पँटच्या खिशात होते, कारण त्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची राहिली होती.

ऑडाने हात उजेडात धरला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "खाजतं का?"

"खाजत नाही, जळतं. तव्यावर ठेवल्यासारखं."

"विषवेल खाजते गं. आणि तिच्या रेघोट्या उठतात, जिथे पान घासलं तिथे. हे बघ, बरोबर बाहीच्या कडेला थांबलंय. आणि एकाच हाताला?" तिने रोवेनाचा डावा हातही ओढून बघितला. "रोवेना, त्या गोळ्या चालू आहेत का अजून?"

"हो. का?"

"बाटली दे."

खिशातून मी बाहेर आले. ऑडाने माझ्या पोटावरचे रबर बँड बघितले आणि एकेक काढायला लागली. काउंटरवर ढीग झाला. शेवटचा निघाला आणि ती पिवळी चिठ्ठी उघडी पडली.

"वाच," ऑडा म्हणाली.

रोवेनाने वाचलं. मग पुन्हा वाचलं. "उन्हात जाणं टाळा," ती हळूच म्हणाली. "पण आधी दोनदा घेतल्या की मी या."

"तेव्हा नोव्हेंबर होता. या गोळ्यांनी कातडी हळवी होते, थोड्या उन्हानेही भाजते. आणि तू रोज सहा तास हात बाहेर काढून बसतेस. माझंच चुकलं. तू नको म्हणालीस, तरी मी सांगायला हवं होतं."

रोवेनाचा चेहरा पांढराफटक पडला. हाताच्या काळजीने नाही. "ऑडा," ती म्हणाली, "मी एल्विनचं टपाल अडवून ठेवलंय. त्याचं औषध माझ्या गाडीत आहे."

ऑडाने विचारलं, "किती दिवस?"

"सोमवारपासून."

"जा आधी!"

मला खिशात कोंबून, हात टॉवेलमध्ये गुंडाळून रोवेना धावली. वाटेतल्या एकाही पेटीपाशी ती थांबली नाही. एकवीस वर्षांत असं कधी घडलं नसणार.

एल्विनच्या घरासमोर गाडी थांबली आणि माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. खांब उघडा होता. एक पानसुद्धा नाही. पायथ्याशी खड्डा, शेजारी कुदळ, आणि उपटलेल्या वेलीचा मोठा भारा, मुळांना माती तशीच लागलेली. रोवेना गुडघ्यांवर बसली. तिने एक जुना देठ उचलला आणि त्यावरची पानं बोटाने मोजली. पाच. दुसरा उचलला. पाच. मग ते तिथेच टाकून, गाडीतलं पाकीट घेऊन ती दाराकडे पळाली.

एल्विन खुर्चीत होता. हातांना माती, पाय सुजून बुटांबाहेर आलेले, धाप लागलेली.

"काढली," तो म्हणाला. "मुळासकट काढली. आता तरी दे."

"एल्विन, गोळ्या कधी संपल्या?"

"सोमवारी. अंगातलं पाणी काढणाऱ्या. तुझ्या पेटाऱ्यात असतील."

"फोन का नाही केलात मला?"

"तुझ्याकडे भीक मागू?" एवढं बोलून त्याला दम लागला.

रोवेनाने पाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि मदतीसाठी फोन केला. गावातली रुग्णवाहिका येईपर्यंत ती त्याचा हात धरून बसली, आपल्या भाजलेल्या हाताने. एरवी कुणी फुंकर घातली तरी ती ओरडली असती. "माझं चुकलं, माझं चुकलं," एवढंच ती म्हणत होती. तो ऐकत होता की नाही कुणास ठाऊक.

तो वाचला. दहा दिवसांनी घरी आला. रोवेनाच्या डॉक्टरांनी तिला दुसऱ्या गोळ्या दिल्या, माझ्यातल्या उरलेल्या ऑडाने परत घेतल्या, आणि मी रिकामी झाले. हाताची कातडी सोलून निघाली, नवीन आली. आता ती उन्हाळ्यातही लांब बाह्या घालते.

एल्विन परतला त्याच दुपारी ती मला घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात गेली आणि मला टेबलावर ठेवलं. "वाचा," म्हणाली. "हे होतं ते."

त्याने भिंग लावून वाचलं. बराच वेळ लागला. "म्हणजे वेल नव्हतीच."

"नव्हती. पाच पानं होती, मी मोजली. दुसरी आणून लावू का? रोपवाटिकेत मिळते."

"मिळते तशी मिळते," एल्विन म्हणाला. "मर्टलने लावलेली नाही मिळत." मग भिंग बाजूला ठेवत, "उद्यापासून टपाल आण."

"आणते. दारापर्यंत आणते."

"पेटीत टाक. पेटी मोकळीच आहे आता."

जाताना ती मला न्यायला विसरली. एल्विनने मला खिडकीत ठेवून दिलं. का ठेवलं, मला माहीत नाही. त्याने एकदाही पुन्हा वाचलेलं नाही.

मी तुमच्याकडे एवढंच मागते. माझी कुठलीही बहीण घरी आणलीत तर तिच्या अंगावरचं सगळं वाचा, आधी घेतलेलं औषध असलं तरी वाचा, आणि सांगू का म्हणून कुणी विचारलं तर सांगू द्या. कातडी पुन्हा येते. बाकी सगळं येतंच असं नाही.

आता ऑक्टोबर आहे. आसपासची झाडं लाल झाली आहेत. रोज सकाळी एल्विन कॉफी घेऊन येतो, जुन्या सवयीने खुर्ची या खिडकीकडे वळवतो, बाहेर खांबाकडे बघतो. ती वेल या दिवसांत लाल व्हायची, असं त्याने रोवेनाला एकदा सांगितलं होतं. क्षणभर बघून तो उठतो आणि खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरवतो.