दादाच्या फुप्फुसातला तुकडा

दादाच्या उजव्या फुप्फुसात डाग दिसला, तेव्हा दुर्बिणीची तपासणी मीच केली. सतरा वर्षं हेच करतोय. पण डाग अगदी कडेला होता. मी काढलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट आला : निदान होत नाही.

"पुन्हा करावं लागेल," मी म्हणालो.

दादा माझ्याकडे न बघता वहिनीला म्हणाला, "या खेपेला त्या नव्या डॉक्टरीणबाईंना करू दे. हात हलका आहे म्हणतात."

ती माझ्याच हाताखाली शिकलेली. अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण आजारी भावापुढे काय बोलणार? "करू दे की," म्हणालो.

तपासणीच्या वेळी मी तिच्या मागे उभा राहिलो. दादाला गुंगीचं औषध दिलं, घसा बधिर केला. दुर्बीण श्वासनलिकेत उतरली. पडद्यावर एकेक फाटा फुटत गेला. मी जिथे अडलो होतो तिथे तिने मनगट जरासं वळवलं आणि पुढच्या बारीक नळीत अलगद शिरली. चिमटा उघडला, मिटला.

"सर, नीट आलाय ना तुकडा?"

"रिपोर्ट आल्यावर बघू," मी तुटकपणे म्हणालो.

आणि मनात आलं, हिलाही काही मिळू नये.

सख्ख्या भावाचं फुप्फुस होतं ते.

पाच दिवसांनी कळलं : कॅन्सर नाही, क्षय आहे. गोळ्यांनी बरा होणारा. वहिनी त्या पोरीचे हात धरून रडली. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

वहिनी औषधं आणायला गेली, तेव्हा मी दादाला सांगून टाकलं. "तिचाही तुकडा वाया जावा असं वाटलं होतं मला."

दादा खोकत खोकत हसला. "पोहण्याच्या शर्यतीत मी पहिला आलो, तर माझे कपडे घेऊन पळाला होतास तू. सुंभ जळाला तरी पीळ कायम!" मग म्हणाला, "तिला शाबासकी दिलीस का?"

"नाही."

"दे."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात, सगळ्या शिकाऊ डॉक्टरांसमोर म्हणालो, "मला जमलं नाही ते हिने केलं." एकेक शब्द ओढून काढावा लागला.

ती लाजली. "सर, तुम्हीच तर शिकवलंत."

मनगटाचं ते वळण मी कधीच शिकवलं नव्हतं. पण तसं सांगायला मात्र जीभ रेटली नाही.