दुसरी घागर

दामिनीला कॉम्प्युटर शिकायला तिरोड्याला एकटी पाठवणारी मी नव्हे. नात वयात आलेली आणि शिकवणारा राजदीप सर अजून मिसरूडही नीट न फुटलेला. म्हणून त्या उन्हाळ्यात मी रोज सोबत जायची, मागच्या बाकावर पाय वर घेऊन बसायची. पोरी हसायच्या. माझे शिक्षण दुसरीपर्यंत, पण हसणाऱ्यांचे दात मोजता येतात, असे मी त्यांना सांगून टाकले होते.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सरने फळ्यावर शंकरपाळ्यासारखी चौकट काढली. तिच्यात प्रश्न. उत्तर हो असेल तर एक वाट, नाही असेल तर दुसरी. ढग आले तर छत्री घ्या, नाही तर टोपी घाला, असे त्याने समजावले. मी मागून म्हटले, धानकऱ्याच्या पोरींना छत्री काय सांगता? धानाच्या बांधीत पाणी साचले तर रोप लावायचा रोवणा, नाही तर वाट पाहा. आजीला समजले, म्हणून सर खूश झाला.

मग प्रत्येकीने आपापला प्रश्न मशीनमध्ये घालायचा होता. दामिनीने घातला, बाबा आले का? हो असेल तर, ताट वाढा. नाहीच्या जागी तिने काहीच लिहिले नाही.

तिचा बाप धर्मेंद्र, माझा एकुलता एक. सडक अर्जुनीहून ट्रक घेऊन रायपूरकडे गेला, तेव्हा दामिनी नुकती पाटी धरायला लागली होती. ट्रक रस्त्याच्या कडेला सापडला. तो नाही सापडला, जिता नाही, मेला नाही.

सरला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने दामिनीला नाहीचे बटण दाबायला लावले. पडदा कोराच राहिला. जागा रिकामी ठेवली तर मशीन मुकाट्याने पुढे जाते, तो म्हणाला, पण समोर बसलेला माणूस तसाच ताटकळतो.

दामिनी मागे वळली.

"आजी, इथं काय लिवू?"

मी बाकावर घेतलेले पाय खाली सोडले.

अखजीला आम्ही पितरांच्या नावाने नवी घागर भरतो; ते पाणी त्यांना पोचते. माझ्या घरी एकच भरते, माझ्या मालकाची, चैतरामची. सून रुख्मा दर साली हळूच दुसरी मागायची. जित्या माणसाच्या नावाने पाणी सोडतेस का, असे म्हणून मी तिला गप्प करायची. कुंकू पुसू दिले नाही, रडू दिले नाही. त्याचे ताट मात्र रोज झाकून ठेवायला लावले.

सरने फळ्यावर दोन्ही वाटा खाली नेऊन एका रेघेत जुळवल्या. मी विचारले, "हे खाली काऊन जुळवलं?"

"वाट कोणतीबी धरा आजी, पुढचं काम थांबत नाही न."

परतताना कुंभाराकडून दोन घागरी घेतल्या. दुसरी कोणाची, त्याने विचारले. तुझे काम मडकी विकायचे, मी म्हटले. एक दामिनीने डोक्यावर घेतली, एक मी.

सकाळी रुख्माने पाटाजवळ दोन घागरी पाहिल्या आणि ती दारातच उभी राहिली. मी दुसरीत पाणी ओतत होते. पाणी काठाबाहेर सांडत होते.

"आला तर तहानलेला येईल," मी म्हटले. "त्याच्यासाठी भरून राहिली मी. आला तर पिईल. नाही तर..."

रुख्मा आली, माझ्या हाताखाली हात धरून तिने घागर काठोकाठ भरली.

"नाही तर त्यायले पोचल, आत्याबाई."

मग ती रडली. एवढ्या वर्षांनी, माझ्यासमोर. मी तिला गप्प केले नाही.

त्या दिवशी ताट झाकले नाही.