आईच्या वाटीतलं

नर्सबाई दर गुरुवारी आईचं वजन करायच्या. अर्धांगवायूत आईची वाचा गेली होती आणि उजवी बाजूही. तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं ताईच्या गळ्यात. त्यासाठी तिने दुकान बंद करून शिलाई मशीन आईच्या खोलीत आणलं होतं. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. रविवारी फळं आणून द्यायचे आणि सुटल्यासारखी घरी जायचे.

दोन महिन्यांत आईचं वजन सहा किलो उतरलं.

"खातात ना नीट?" नर्सबाईंनी विचारलं.

"तिन्ही वेळेला वाटी चाटूनपुसून रिकामी होते," ताई म्हणाली.

"मग जातं कुठे? तुमच्याच अंगी लागतंय वाटतं," नर्सबाई म्हणाल्या. ताई हसली. बाहेर पडून नर्सबाईंनी मला फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न कळवता गेले. ताई पलंगाशी स्टुलावर होती, मांडीवर कुस्करलेल्या बटाट्याची वाटी. पहिला घास आईने घेतला, दुसरा ओठांतून ओघळला. तो पुसायला ताईने हात उचलला, तशी आई दचकली. मार चुकवावा तशी मान वळवली तिने.

ताईचा हात तसाच राहिला. मग तिने पुढचा चमचा स्वतःच्या तोंडात घातला. त्यानंतरचाही. वाटी संपल्यावर उठून स्वयंपाकघरात गेली. अख्खा पाव, पातेल्यातलं दूध, गार बटाटे, न चावता. मी दोनदा हाक मारली, खांदा हलवला. डोळे उघडे होते, पण मी तिला दिसत नव्हते.

सगळं संपल्यावर तिने वाटी धुतली आणि वळली. "तू कधी आलीस? आई आज छान जेवली बघ."

मी तिच्या हनुवटीवरचं दूध पुसलं. ओल्या बोटांकडे बघत ती खाली बसली.

"रोज पोट फुगतं. मला वाटायचं, पित्त असेल," ती म्हणाली. "लहानपणी आई मारायला लागली की मी छताशी जाऊन बसायचे. खाली दुसरीच कुणी मार खायची. मला लागायचं नाही."

मला माहीत होतं. शेजारच्या पलंगावर मी झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायचे. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आता आईला मी भरवते. ताई मंगळवारी डॉक्टरांकडे जाते. वेळ लागेल म्हणतात. आईचं वजन थोडं वाढलंय, ताईचं खाणं मात्र पूर्ण थांबलेलं नाही. फरक इतकाच, की आता मधेच तिला जाग येते.

परवा भांडी विसळताना ती म्हणाली, "आई गप्प नव्हती गं."

"तिला बोलता कुठे येतं?"

"डाव्या हाताने पलंगाची कड वाजवायची. मी खात असताना. मला ऐकू यायचं. लांबून, शेजारच्या घरातून आल्यासारखं."

मी नळ बंद केला. तिने तो पुन्हा सोडला.