'अंगणवेल'चं गहाळ पान

लाखनी गावातल्या, आठवीतल्या तृप्तीनं शाळेच्या प्रदर्शनासाठी भारी विषय घेतला होता: देशभर खपणाऱ्या 'अंगणवेल' या बायकांच्या मासिकाचा इतिहास. प्रदर्शन सोमवारी. रविवार उजाडला तरी तिच्या तक्त्यात मधोमध मोठी जागा रिकामीच होती.

जुने अंक शेजारच्या गोदावरीबाईंकडे मिळाले होते. पूर्वी गल्लीतली चार घरं मिळून एकच अंक घेत. तो घरोघर फिरून शेवटी त्यांच्या पेटीत जाई. विणकाम आणि लोणच्यांचं हे मासिक पुढं बायकांच्या नोकरीवर, बँकेतल्या खात्यावर कसं बोलू लागलं, ते तृप्तीनं छान मांडलं होतं. पण ज्या लेखानं मासिकाला हे वळण दिलं, त्याचंच पान फाडलेलं. अनुक्रमणिकेत नाव तेवढं उरलं होतं: 'चूल दोघांची'.

"अंक पहिले कोनाकडे जाये, आजी?"

"पार्वताबाईकडे. चाल, विचारू."

पार्वताबाई ओसरीत सुपात लाखोळीची डाळ घेऊन निवडत होत्या. त्यांचे यजमान पुंडलिकराव पेपर वाचत होते.

"मी काहून फाडीन व? मले तं तो लेख दिसलाच नाही," पार्वताबाई म्हणाल्या.

पुंडलिकरावांचा पेपर हळूच वर सरकला, पार तोंड झाकेपर्यंत.

"अंक पोस्टातून तुमीच आनत होते ना जी?" पार्वताबाईंनी विचारलं.

पेपरामागून खोकला आला. "ते पान मीच चुलीत घातलं. तू तो लेख वाचला असता, तं माह्या हाती झारा आला असता."

गोदावरीबाई हसत हसत खालीच बसल्या. तृप्तीचे डोळे मात्र भरून आले. "आता माह्या तक्त्याचं काय, आजोबा?"

पुंडलिकराव वरमले. त्यांनी पेपराची घडी केली. "रडू नको बेटा. भेवानं दहादा वाचला होता मी तो. आठवते तेवढं सांगतो. लिही. 'ज्याला भात खाता येतो, त्याला तांदूळ धुता आलाच पाहिजे...'"

"हळू सांगा जी, पोरगी लिहून राहिली," म्हणत पार्वताबाई पुढं सरकल्या. "अन् मंग?"

"मंग... बाईले रविवारी सुट्टी असावी."

"कोन्त्या रविवारी?"

"दर."

पार्वताबाईंनी डाळीचं सूप उचललं आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"अवं, लेख तं पुरा सांगू दे!"

"सांगा ना. तोंड कोनी धरलं?"

डाळ निवडत निवडत पुंडलिकरावांनी लेख संपवला. तृप्तीनं खाली ओळ टाकली: 'सांगणार पुंडलिकराव. मूळ पान यांनीच जाळलं.'

"जाळलं, हे लिहाच लागते का?" त्यांनी विचारलं.

"इतिहास हाय, आजोबा."

"लिही, लिही," पार्वताबाई म्हणाल्या. "लाल पेनानं लिही."