पायमशीनवरचं इंग्रजी

आमच्या घरात मुकं कोणी नाही. माझा मुलगा गिऱ्हाइकाशी गप्पा मारत कापड कापतो, सून दातांत टाचण्या धरूनही भांडू शकते, आणि माझं तर विचारूच नका. अशा घरात जन्मलेली माझी नात इंग्रजीचं नाव काढलं की तोंडाला टाके घातल्यासारखी गप्प व्हायची. तिला आम्ही बॉबिन म्हणतो. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून मीच ठेवलेलं नाव.

बाकीचे विषय ठीक होते. इंग्रजीत मात्र पुन्हा नापास झाली आणि शाळेने आम्हाला बोलावून घेतलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "लेखी परीक्षेचं आम्ही सांभाळून घेऊ. तोंडी मात्र मी स्वतः परत घेणार. तेव्हाही बोलली नाही, तर पुढच्या वर्गात घेता येणार नाही. दुसरीकडे बघा."

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते माझ्या मुलाने घरी येता येताच सांगून टाकलं. "आई, आता पुरे झालं. खिडकीजवळची मशीन रिकामी आहे. हात चांगला आहे पोरीचा. बसेल तिच्यावर."

"हात चांगला आहे म्हणून डोकं कापून टाकायचं का?"

"मग तूच शिकव इंग्रजी!"

तो टोमणा होता, पण मी तो खाली पडू दिला नाही.

खिडकीजवळची मशीन माझ्या धाकट्या जावेची. काळ्या कापडावर काळी टीप मारता मारता तिचे डोळे गेले, तेव्हापासून त्या मशीनवर चादर टाकलेली आहे. जाऊ अजूनही कापड हाताने चाचपून सांगते, सुती की रेशमी. त्या चादरीखाली माझ्या नातीला बसवायचं नव्हतं मला. बस, एवढंच.

शिकवणीच्या सरांनी उत्तरं लिहून दिली होती. तुझी ओळख, तुझी शाळा, तुझा छंद. म्हणाले, पाठ कर. पाठ करणं आमच्या घराला नवीन नाही. गिऱ्हाइकांची छाती, कंबर, बाही सगळं आम्ही तोंडाने म्हणत म्हणत मशीन चालवतो. पाय हलत असला की मापं डोक्यात बसतात. मी सासूकडून तसंच शिकले, मुलगा माझ्याकडून. मग इंग्रजी का बसणार नाही?

दुपारी मी पडद्यांचं काम घेऊन बसायचे. पडद्याची टीप लांबच लांब, मध्ये वळण नाही. बॉबिन माझ्या शेजारी स्टुलावर. मी पाय मारायला लागले की ती बोलायला लागायची. अडली की मी पाय थांबवायचे. पुन्हा पहिल्यापासून. वाक्य संपलं की सुई उचलायची, कापड सरकवायचं, पुढचं वाक्य. पडदे संपत गेले आणि पोरीचं तोंड सुटत गेलं. शेवटी तर अशी धडाधड बोलायची की मला पाय आवरावा लागे. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण सरळ गेलेली टीप मला न बघता कळते.

शेजारची, शर्टांना काजं करून देणारी बाई बटणं घ्यायला आली की मी तिला मुद्दाम बसवून घ्यायचे.

"ऐक जरा. साहेबीण बोलते आहे."

"अगंबाई, हिला तर थांबताच येत नाही!"

"आमच्या घरातली आहे. थांबेल कशी?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी असंच चाललं होतं. पोरगी पाठांतरात शाळेच्या मैदानापर्यंत पोचली होती, आणि माझ्या मशीनचा पट्टा तुटला. चामड्याचा, जुना. फटकन आवाज झाला, चाक रिकामं फिरून थांबलं. बॉबिनही थांबली.

"तू कशाला थांबलीस? बोल पुढे."

ती चाकाकडे बघत होती.

"बोल की गं!"

"आजी, मशीन चालू कर ना."

"पट्टा तुटलाय. तू बोल."

"मशीनशिवाय येत नाही मला."

मला वाटलं नखरे करतेय. पहिल्यापासून म्हणायला लावलं. स्वतःचं नाव सांगितलं आणि गप्प. मी टाळ्या वाजवून बघितल्या. कात्री टेबलावर आपटून बघितली. सुनेने तिची मशीन चालवली, तर ती विजेवरची, तिचा सूर वेगळा. पोरीच्या तोंडून चार शब्द घरंगळले आणि पुन्हा शांत. ती रडायला लागली. मग सूनही रडायला लागली, आणि रडता रडता बोललीच.

"आई, तुम्ही हिला इंग्रजी शिकवलंच नाही. मशीनचा एक भाग करून ठेवलंत तिला."

एरवी मी तिला सोडलं नसतं. त्या दिवशी मी तुटलेला पट्टा चाकावरून सोडवत बसले.

"नवा पट्टा आणू का?" मुलाने विचारलं.

"आण. आणि उद्या मशीन डोक्यावर घेऊन शाळेत चल."

तो उठला, खिडकीजवळ गेला, चादर काढून घडी घातली आणि त्या मशीनला तेल घालायला लागला. तेलाचा वास खोलीभर झाला. कोपऱ्यातून जावेने विचारलं, "कोण बसणार आहे माझ्या मशीनवर?"

दुसऱ्या दिवशी मीच पोरीला घेऊन गेले. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर बाक होता. दार पूर्ण लागत नव्हतं, त्यामुळे आतलं ऐकू यायचं. बाईंनी काहीतरी विचारलं. आत शांतता. पुन्हा विचारलं, या वेळी हळू. पुन्हा शांतता. पंख्याची घरघर तेवढी.

माझे पाय आपोआप सुरू झाले. टाच, चवडा. टाच, चवडा. जुन्या चपला, फरशी कडक. आवाज चांगला होत होता.

शिपाई धावत आला. "आजी, पाय वाजवू नका. आत परीक्षा चालली आहे."

"मुंग्या आल्यात पायाला."

"मग उभ्या राहा."

"उभी राहिले तर पडेन. उचलशील का मला?"

मी पाय थांबवले नाहीत. आणि दारातून माझ्या पोरीचा आवाज आला. नाव, घर, शाळा, मैदान, एकामागून एक, सरळ टीप. मी डोळे मिटून पाय मारत होते. शेवटच्या वाक्याला थांबले, तीही थांबली.

आत बाई काहीतरी म्हणाल्या. छोटासा प्रश्न. हा सरांच्या उत्तरांतला नव्हता, हे मला सुरावरूनच कळलं. माझे पाय जागच्या जागी राहिले. याची टीप मला येत नव्हती. मी पदर मुठीत धरून बसले होते, आणि डोळ्यांपुढे ती तेल घातलेली मशीन.

मग एक शब्द आला. थांबला. दुसरा आला. तिने तो मागे घेतला, वेगळा घातला. वेडंवाकडं, अडखळत, उसवत, पण आवाज तिचा होता. तसं बोलताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं. बरोबर की चूक, देव जाणे. माझ्या पायांना त्यात काही काम नव्हतं.

दार उघडून मोठ्या बाई बाहेर आल्या. मागे बॉबिन, घामाने भिजलेली.

"पाठ केलेल्याला मी मार्क दिलेले नाहीत," बाई म्हणाल्या. "नंतर मी विचारलं, घरी इंग्रजी कोण शिकवतं. त्यावर जे बोलली त्यावर पास केलंय. जेमतेम. चुका भरपूर आहेत. तुम्ही शिकवता म्हणे?"

मी पदर सारखा केला. "हो."

"मग एक विनंती आहे. यापुढे शिकवू नका."

मी पोरीचा हात धरला आणि निघाले. शिपाई तोंड फिरवून हसत होता, तेही दिसलं मला. हसू दे.

घरी आले, खिडकीजवळच्या मशीनवर माझ्या हाताने चादर टाकली, आणि मुलाकडे असं बघितलं की तो गिऱ्हाईक नसतानाही माप घ्यायला पळाला.

पट्टा अजून बसवलेला नाही. बसवीन एखाद्या संध्याकाळी. दुपारी पोरगी स्टुलावर बसून एकटीच अडखळत बोलत असते, तेव्हा मी हाताची तुरपाई घेते. सुई-दोऱ्याचा आवाज होत नाही.