जोडगाडी

भुरीबाईला हरायची सवय नव्हती. नळावरचा नंबर असो, तांड्यातलं भांडण असो की एसटीतली खिडकीची जागा असो, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली की समोरचा निम्मा तिथेच खचायचा. एकच लढाई ती अठ्ठावीस वर्षं लढत होती आणि अजून जिंकली नव्हती. ती होती दारातल्या ट्रकची.

ट्रक मिलिटरीचा. किन्हीराजाजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर तो आणला तिच्या नवऱ्याने, रूपलाने, नागपूरकडच्या एका लिलावातून. पुढे भलंमोठं नाक, रंग शेवाळी, आणि मागे हौदा असा लांबलचक, की तांड्याच्या वळणावर दोनदा मागेपुढे केल्याशिवाय गाडी वळत नसे. मिलिटरीचे जुने ट्रक लोकांनी पाहिले होते, पण सगळे आखूड हौद्याचे. एवढा लांब कुणीच पाहिला नव्हता. त्यामुळे तालुक्याच्या मालेगावच्या चौकाने निकाल देऊन टाकला, की हा मुळातला नव्हेच. चांगला दणकट ट्रक मधोमध कापून, तुकडा जोडून लांबवलेला आहे.

आणि हे कुणी केलं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. चौकातल्या उकंडराव वेल्डरने. तो स्वतःच तसं सांगायचा. लिलावातून आलेली गाडी तांड्यावर येण्याआधी वीस दिवस त्याच्याच दुकानात उभी होती, रंगाला आणि किरकोळ कामाला. पुढे त्याने दुकानाच्या पाटीवर लांब ट्रकचं चित्रसुद्धा काढून घेतलं.

मग काय, गाडीचं नाव पडलं जोडगाडी आणि रूपलाचं जोडवाला. मेडशीचे व्यापारी सोयाबीन भरायला बोलवेनात. घाटात मधातून मोडली तर माल कुणी गोळा करायचा, म्हणत. रूपला नुसता हसायचा. तांड्यातल्या माणसांना दिवाळीनंतर ऊसतोडीला पोचवायचं, उन्हाळ्यात परत आणायचं, मधल्या काळात ज्याची त्याची तूर वाहायची, यातच त्या गाडीचं आयुष्य गेलं.

भुरीबाई मात्र हसली नाही. तिच्याजवळ पुरावा होता. गाडीबरोबर मिलिटरीची ताडपत्री आली होती, हौद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोब्बर बसणारी. भुरीबाईचा जन्म सुईदोऱ्यात गेलेला. आरशाकवड्यांचं काम करणाऱ्या बाईला टाका कळतो. तिने ती ताडपत्री अंगणात पसरून बोटाबोटाने तपासली होती. सगळी शिवण एका हातची, एका दोऱ्याची. कुठे तुकडा जोडलेला नाही.

"गाडी उकंडरावनं लांबवली," ती चौकात विचारायची, "तं ताडपत्री काय मिल्ट्रीनं त्याले इचारून शिवली व्हती?"

लोक खो खो हसायचे. ताडपत्रीवरून ट्रक ओळखणारी बाई म्हणून तिचीही ख्याती झाली. खरं दुखणं वेगळंच होतं. घरी येऊन ती रूपलाला विचारायची, तू तरी सांग, कापली का नाही कापली? आणि तो म्हणायचा, "गाडी चालते ना? मंग झालं." एकदा तिचा संताप अनावर झाला आणि ती बोलून गेली, की गाव हसतं ते बरोबरच हसतं, बावळटच आहेस तू. तेव्हाही तो हसलाच होता.

चार वर्षांपूर्वी रूपला गेला. तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी हळहळत म्हणालं, "जोडवाला गेला बिचारा." भुरीबाईच्या हातातलं ताट तिथेच थांबलं. मेल्यावरही माणसाला नाव मिळू नये? त्या दिवशी तिने ठरवलं, हे नाव पुसल्याशिवाय आपण काही मरत नाही.

गाडी आता लेक रेणू चालवत होती. तिने मोबाइलवर ट्रकचा फोटो टाकला आणि पंधरा दिवसांत नागपूरहून फोन आला. हरीओम नावाचे गृहस्थ. मिलिटरीच्या गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले, आणि आता जुन्या लष्करी गाड्या शोधून त्यांची नोंद करत फिरणारे. ते म्हणाले, लांब हौद्याची गाडी फार दुर्मिळ. दहापैकी नऊ नंतर वाढवलेल्या निघतात. बघितल्याशिवाय काही सांगणार नाही.

"बघू दे," भुरीबाई म्हणाली. "पन इथं नाही. मालेगावात. उकंडरावच्या दुकानाम्होरं."

रेणू आईपुढे जरा घुटमळली. "याडी, अन् जोड निघाला तं?"

"निघत नाही."

"पन निघालाच तं?"

"तं चौकातच सांगीन, माहा नवरा बावळा व्हता म्हून. पन निघत नाही."

ठरल्या दिवशी रेणूने ट्रक नेऊन चौकात दुकानासमोर आडवा लावला. बघता बघता पानटपरी रिकामी झाली, मोटारसायकली थांबल्या, एसटीची वाट बघणारे एसटी सोडून इकडे आले. उकंडराव दुकानात खुर्चीवर बसून होते. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. ते बाहेर आले नाहीत.

हरीओम साहेबांनी चाकापासून चाकापर्यंत टेप लावला. हौद्याच्या कडेला ताडपत्रीच्या कमानी खोचायची भोकं होती, ती मोजली. पुढे चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने घासून वाचला. मग भुरीबाईने घडी घालून आणलेली ताडपत्री उलगडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा वर करून शिवण पाहिली आणि मान डोलावली.

"बाई, ही ताडपत्री याच मापाची आहे. तुम्ही बरोबर ओळखलीत."

भुरीबाईने एकदा सगळ्या चौकाकडे नजर फिरवली. अठ्ठावीस वर्षांत एवढं गोड तिला काही लागलं नव्हतं.

मग साहेब बॅटरी घेऊन ट्रकखाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"मधोमध पट्टी मारलेली आहे," ते म्हणाले. "चासीला, दोन्ही बाजूंनी. कापून जोडलेल्या जागेवर मारतात तशी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. गाडीखाली भुरीबाई कधी शिरलीच नव्हती. ते काम आधी रूपलाचं आणि मग रेणूचं. तिने लेकीकडे पाहिलं. रेणूने मान खाली घातली.

"मी पाह्यली व्हती, याडी. म्हून तं तुले इचारलं."

तिच्या जागी दुसरी कुणी असती तर ताडपत्री काखोटीला मारून घरची वाट धरली असती. भुरीबाईने घाम पुसला आणि आवाज चढवला. "पट्टी दिसली. पट्टीखाली काय हाय थे कोनी पाह्यलं काय? कापा पट्टी."

साहेब गडबडले. "बाई, विचार करा. खाली जोड असला तर पट्टीवरच सगळा जोर आहे. काढली की गाडी चालवता येणार नाही. इथून ओढूनच न्यावी लागेल."

"ओढून नेऊ. कापा."

दुकानातून राजपाल ग्राइंडर घेऊन बाहेर आला. तो तिच्या भावाचा मुलगा, तांड्यावरचाच. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून उकंडरावांकडे होता आणि आता तिथला मुख्य कारागीर. आत्याच्या मनासारखं करावं की मालकाच्या, हे त्याला कळेना. तेवढ्यात मागून उकंडराव लंगडत आले आणि त्यांनी त्याच्या हातातून ग्राइंडर घेतला.

"दे इकडं. माहं वेल्डिंग मीच कापतो."

त्यांनी डिझेलच्या टाकीवर ओलं पोतं टाकायला लावलं, गुडघा टेकत टेकत खाली बसले आणि डाव्या बाजूच्या पट्टीला ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. चारी कडा कापून होईतो कुणी जागचं हललं नाही. शेवटी राजपालने छिन्नी घालून हातोडा मारला आणि पट्टी खणकन जमिनीवर पडली.

हरीओम साहेबांनी वाकून चिंधीने जागा पुसली. कडेकडेने वेल्डिंगचा काळा डाग होता. मध्ये मिलिटरीचा जुना हिरवा रंग होता, जसाच्या तसा. त्या रंगाखालून लोखंड सलग पलीकडे गेलं होतं. त्यांनी अंगठा फिरवला, बॅटरी मारली, पुन्हा अंगठा फिरवला.

"अखंड आहे," ते म्हणाले. "कापलेलीच नाही. मग ही पट्टी कशाला मारली?"

उत्तर द्यायला एकच माणूस होता. उकंडराव उठले नाहीत. तिथेच मातीत बसून बोलले, पण चौकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"गाडी आली तव्हा दुकान नवं व्हतं माहं. चिटपाखरू फिरकत नव्हतं. गाडी उभी पाहून लोकं इचारे, एवढी लांब कोनं केली? एक दिवस तोंडातून निंगून गेलं, मी केली. रूपला बाजूलेच उभा व्हता. त्यानं एक शब्द म्हटला असता तं माहं तोंड काळं झालं असतं. थो गप राह्यला. मंग लोकं म्हनाले, जोड दाखव. म्हून पट्ट्या मारल्या."

"अन् माह्या मान्साले सारं मालेगाव हासलं!" भुरीबाई गरजली. "मेडशीवाल्यायनं माल देला नाही! दोन-चार वर्सांनं तरी सांगायचं व्हतं!"

"सांगनार व्हतो, वयनी. तिसऱ्याच वर्सी सांगनार व्हतो. रूपलानंच अडवलं." उकंडरावांनी राजपालकडे बोट केलं. "म्हने, तुह्या दुकानात ह्याच्यासारखे आमच्या तांड्याचे चार पोरं कामाले हायेत. थे ऊस तोडाले जात नाहीत. तुहं नाव गेलं तं दुकान बसन, अन् पयले थेच कोयते हातात घेतीन. मी हासून घेतो, म्हने. मले हासाची सवय हाय."

राजपालने तोंड फिरवलं.

"मले काहून नाही सांगितलं त्यानं?" भुरीबाईचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "मी त्याले बावळट म्हनलं. तोंडावर म्हनलं."

"त्यानं शपथ घातली व्हती मले. म्हने, भुरीले कळलं तं सांजेपर्यंत साऱ्या मालेगावाले कळन."

हे इतकं खरं होतं की भुरीबाईला हसू फुटलं. हसता हसता ते कधी रडणं झालं ते तिलाही कळलं नाही. भर चौकात, एवढ्या पुरुषांसमोर, ती ट्रकच्या चाकाला टेकून पोटभर रडली. रूपलाचं नाव पुसून नवं लिहायला ती आली होती, आणि त्याने ते नाव आपणहून घेतलं होतं, हसत हसत, चार पोरांसाठी. तिला त्याचा राग आला आणि त्याचा अभिमान वाटला, दोन्ही एकदम.

मग तिने पदराने तोंड पुसलं. हरीओम साहेब वही उघडून उभे होते. त्यांनी मालकाचं नाव विचारलं. भुरीबाईने रूपलाचं पूर्ण नाव सांगितलं, आधी नवऱ्याचं, मग सासऱ्याचं, मग तांड्याचं, आणि साहेबांनी लिहिलेलं रेणूकडून मोठ्याने वाचून घेतलं.

"आता उजवीकडचीही पट्टी काढून टाकू," साहेब म्हणाले. "म्हणजे गाडी जशी बनली तशी होईल."

उकंडरावांनी पुन्हा ग्राइंडर उचलला, पण चालू केला नाही. "वयनी," ते हळू आवाजात म्हणाले, "थ्या बाजूची पट्टी वेल्डिंग करताना रूपलानं धरली व्हती. हात भाजला त्याचा."

भुरीबाई ट्रकला वळसा घालून पलीकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या गाडीखाली वाकली. तिने पट्टी शोधली आणि तिच्यावर तळवा ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली.

"बाई, पट्टी ठेवलीत तर लोक पुन्हा जोडगाडीच म्हणतील."

"म्हनू द्या," भुरीबाई म्हणाली, "ही पट्टी माह्या मान्सानं धरली हाय."