पहिली उडी पुन्हा मार

"मार उडी!" लोणीबाबा गरजले, आणि पोट सुटलेला टॅक्सीवाला चक्क उडाला. लाल रंगात बुडवलेली त्याची बोटं भिंतीवर थाडकन आपटली. आधीच्या पांढऱ्या खुणेच्या वर, चांगली वीतभर!

फर्निचरच्या दुकानावरचा तो लांबट हॉल शिट्ट्यांनी दणाणला. माणसं खिडक्यांत बसली होती, जिन्यावरून एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत होती. टॅक्सीवाला तर स्वतःच्याच बोटांकडे असा बघत राहिला, जणू ती त्याला कुणी उसनी दिलीत.

लोणीबाबा म्हणजे पांढराशुभ्र ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी आणि कोपरापर्यंत तेल. त्यांचं म्हणणं असं, की माणूस जो राग गिळतो, जो हेवा दाबतो, ते सगळं पोटऱ्यांत उतरून गोठतं. त्याचा होतो ताठरपणा. मग नोकरी लागत नाही, लग्न जमत नाही, बढती अडते. "म्हणून म्हणतो, शरीराचं लोणी करा! ताठा गेला की पाय सुटला, पाय सुटला की माणूस सुटला!"

"आणि अक्कल? ती कधी सुटली?" मागून ठिणगी पुटपुटली.

"गप गं," ताईने, तिच्या थोरल्या बहिणीने, तिला कोपर मारलं.

ठिणगीचं खरं नाव आता तिच्या आईलाही चटकन आठवत नसे. शाळा अर्ध्यात सोडून ती पडदे शिवायच्या कारखान्यात लागली होती, आणि कुणी वाकडं बोललं की तिचा भडका ठरलेला. पण डोळा मोठा तिखट. वारभर कापडात एक टाका चुकला तर तो तिला लांबून दिसायचा.

आज ती आली होती ती ताईच्या काळजीने. ताईला अग्निशमन दलात जायचं होतं. तिथल्या चाचणीत शेवटी उभ्या जागेवरून उडून वर टांगलेल्या लाल पट्टीला हात लावावा लागतो. हात लागला नाही तर घरी. वयाच्या अटीत बसणारी ताईची ही शेवटची भरती. वर्षभर तिने पहाटे उठून उड्या मारल्या, पोटऱ्या भरून आल्या, दुखायला लागल्या, आणि कुणीतरी आईच्या कानावर लोणीबाबांचं नाव घातलं. दुखणं गेलं. बाबांनी सराव बंद करायला लावला होता, म्हणून गेलं असं ठिणगीचं मत. पण तिला विचारतंय कोण? आता ताई पंधरा दिवस नुसती पाय लांब करून 'लोणी' होत बसली होती. आणि चाचणीच्या सकाळी मैदानावर जायच्या आधी बाबा तिला 'महामोकळीक' देणार होते. म्हणजे पाय पट्ट्यांत अडकवून बराच वेळ ताणून ठेवणार.

"पुढे या!" बाबांनी बोलावलं. एक कॅशिअरबाई लाजत उठल्या.

ठिणगीने डोळे बारीक केले. आधी बाईंच्या बोटांना पांढरी पूड लावली. मग अर्धं खाली बसवलं, डावा हात पाठीमागे, उजवा वर. "हलायचं नाही! ताठरपणा आपणहून बोलला पाहिजे." बाई तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने मांड्या लटपटू लागल्या.

"बघा, बघा! ताठरपणा थरथरतोय!"

"अहो, दमल्यात त्या," ठिणगी कुजबुजली. पुढच्या माणसाने मागे वळून डोळे वटारले.

थरथरत्या पायांनी, तिथूनच, झोका न घेता बाई उडाल्या. पांढरी खूण बिचारी खालीच उमटली. मग तेल, मग "सैलम् सैल" असा काहीतरी मंत्र, मग जागच्या जागी टुणटुण नाचणं. आणि शेवटी, "आता कशीही मार! मनमोकळी!" बाई खाली दबल्या, दोन्ही हात मागून झुलवले, आणि उडाल्या. लाल खूण वीतभर वर. पुन्हा शिट्ट्या.

ठिणगीच्या डोक्यात काहीतरी टोचलं. उसवलेला टाका दिसतो आहे, पण सुई कुठे घालायची ते कळत नाही, तसं.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या शाळेच्या मैदानावर गेली. पीटीच्या बाई चेंडूत हवा भरत होत्या.

"तू? शाळेत?"

"शाळेत नाही, तुमच्याकडे. एक विचारायचंय. आणि परत शाळेत ये म्हणायचं नाही."

"नाही म्हणत. विचार."

ठिणगीने सगळं सांगितलं. बाईंनी हवा भरलेला चेंडू जमिनीवर सोडला. तो टणकन छातीपर्यंत आला. मग बिनहवेचा सोडला. तो पडला तिथेच फतकल मारून बसला.

"हा बघ तुमचा लोणीचेंडू," बाई म्हणाल्या. "टाचेच्या मागे हाताला लागते ना, ती जाड दोरी? आपण पटकन दबतो तेव्हा ती ताणली जाते, आणि स्प्रिंगसारखी वर फेकते. स्प्रिंगला थोडा कडकपणा लागतोच."

"मग ताठ असलेलं चांगलं?"

"लगेच उलट्या टोकाला नको पळूस! आखडलेला, दुखरा पाय वेगळा, आणि कसलेला पाय वेगळा. दुखत असेल तर विश्रांती, तरीही राहिलं तर डॉक्टर. ताण द्यायलाही हरकत नाही. पण उडीच्या तोंडावर पाय बराच वेळ ताणून धरला, तर त्या वेळेपुरती उडी कमी होऊ शकते. तेव्हा अंग गरम करायचं, हलक्या उड्या मारायच्या."

"आणि ती वीतभर वर जाणारी खूण?"

"तू सांग. पहिल्या उडीत काय काय करू दिलं नाही?"

ठिणगी खाली दबली, हात मागे नेले, आणि मध्येच थांबली. "बाई! तो दोन वेगळ्या उड्या मोजतोय!"

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ती हॉलमध्ये सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. "मलापण लोणी करा."

बाबा हसले. "या पोटऱ्यांत तर रागाचं गोदाम आहे!" लोकही हसले. ठिणगीची कानशिलं तापली, पण तिने दात आवळले. सगळं निमूट करून घेतलं. पांढरी खूण खाली, लाल खूण वर. टाळ्या पडल्या.

"थांबा," ती म्हणाली. "आता पहिली उडी पुन्हा मारते. तशीच, हात पाठीमागे ठेवून."

बाबांचा तेलकट हात हवेतच राहिला. "सुटलेली गाठ पुन्हा बांधायची नसते, बाळ."

"बांधत नाही, बघते. ताठा गेला ना? मग कशीही उडी मारली तरी खूण वरच पाहिजे." आणि ती बसली, थांबली, उडाली. बोटं थेट पांढऱ्या खुणेशेजारी.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. बाबांनी शिट्टी फुंकली. "विश्वास नसलेल्या शरीरात मोकळीक टिकत नाही! ही मुलगी मनातून भांडतेय."

"खरंय," गर्दीतून आवाज आला. ताई होती ती. रागाने लाल झालेली. "तुला सगळीकडे तमाशाच करायचा असतो ना गं? माझा आहे विश्वास. मी मारते."

"नको," बाबा घाईने म्हणाले. "उद्या तुझी परीक्षा."

"म्हणूनच मारते, बाबा. हिचं तोंड बंद होऊ दे."

भिंतीवर पंधरा दिवसांपूर्वीची ताईची पांढरी खूण अजून होती, शेजारी पेन्सिलीने तिचं आद्याक्षर. ताई तिच्याखाली तशीच अर्धी बसली. मांड्या थरथरू लागल्या. ठिणगीला वाटलं, ओरडून थांबवावं. ताई उडाली.

नवी खूण जुनीच्या बोटभर खाली होती.

ताई त्या बोटभर जागेकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "पंधरा दिवस. बाबा, मी पंधरा दिवस सराव केला नाही."

"कुणाची तरी नजर..." बाबांनी सुरुवात केली.

"नजर नाही, कसरत!" ठिणगी उसळली. "आधी माणसाला दमवायचं, हात बांधायचे, दबू द्यायचं नाही. मग टुणटुण नाचवून अंग गरम करायचं आणि हात सोडायचे. वीतभर फरक पडणारच! तेल नको, मंत्र नको. काका, तुम्ही या." जिन्यावरून बघणारा फर्निचरवाला पुढे आला. त्याला कधी तेलाचा थेंब लागला नव्हता. ठिणगीने त्याला आधी बसवून उडवलं, मग जागच्या जागी नाचवून, हात झुलवून उडवलं. वीतभर!

टॅक्सीवाल्याने स्वतःहून भिंत गाठली. कॅशिअरबाई पदर खोचून त्याच्या मागे. हां हां म्हणता सगळा हॉल उड्या मारायला लागला आणि भिंत खुणांनी भरली. बाबा कधी जिना उतरले, ते कुणी पाहिलंच नाही. पायऱ्यांवर तेवढे तेलाचे ठसे होते.

सकाळी मैदानावर दोघी बहिणी जरा दूर दूर उभ्या होत्या. ताई हलकं धावली, छोट्या उड्या मारल्या. ठिणगी नख कुरतडत होती. एक बोट खाली गेलंय, ते कुठून आणणार?

पहिल्या उडीला ताईचा हात पट्टीच्या खालून गेला. दुसऱ्या उडीलाही. पंच म्हणाले, "शेवटची."

ताईने मागे वळून बघितलं. "काय करू गं?"

"दब, हात झुलव, आणि थांबू नकोस. वर्षभर मारलीस तशीच मार."

ताई दबली आणि त्याच झोक्यात वर गेली. पट्टी हलली. थोडीशीच, पण हलली. पंचांनी मान डोलावली.

परत येताना ताई म्हणाली, "लागला हात. पण मीपण सगळ्यांसारखी फसले गं."

"सगळे फसतात. मलापण आधी कळलं नव्हतं." ठिणगी तिच्या शेजारी सरकली. "फक्त एक कर. उद्या कुणी तेल लावून, मंत्र म्हणून, काहीही वर गेलेलं दाखवलं ना, तर टाळी वाजवायच्या आधी त्याला म्हण, पहिली उडी पुन्हा मार. तशीच. आमच्यासमोर. खरं असेल तर त्याला कशाला भीती वाटेल?"